नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, दिल्लीतील मराठ्यांच्या इतिहासावर दोन व्याख्याने झाली. आणि आज आम्ही मोटारीच्या इंजिनावर बोलण्यास उभे आहोत. हा रसभंग आहे याची आम्हांस जाणीव आहे. परंतु दोष सर्वस्वी आमचा नाही. गेल्या गणेशोत्सवात गुरुग्रामास नोकरीला असलेले एक तरुण जोडपे आपली कोरी गाडी घेऊन दर्शनास आले. बॉनेटवर हळदीकुंवाचे स्वस्तिक, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचा वास अजून तसाच. मंडपाबाहेर ज्येष्ठांनी गाडीभोवती कोंडाळे केले. एक म्हणाले, "हजार किलोमीटर होईतो साठाच्या वर काटा जाऊ देऊ नका." वायुदलातून निवृत्त झालेले दुसरे गृहस्थ म्हणाले, "अजिबात नको. पहिल्या दिवसापासून दाबून चालवा, नाहीतर इंजिन जन्मभर आळशी राहील." हा वाद इतका रंगला की आरती दहा मिनिटे खोळंबली. त्या जोडप्यातील सूनबाईंनी शेवटी आमच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्ही तर इंजिनिअर. आम्ही नक्की काय करायचं?" फरिदाबादेच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे इंजिनांच्या संगतीत घालवूनही आम्हांस तेथे एका वाक्यात उत्तर देता आले नाही. कार्यवाहांनी ती संधी साधून आमचे नाव या मालेत घातले.

प्रथम ज्याविषयी बोलावयाचे ते काय, हे पाहू. इंग्रज ज्याला 'रनिंग इन' म्हणे आणि अमेरिकन 'ब्रेक-इन' म्हणतो, त्यास आपण मराठीत इंजिन बसणे म्हणतो. दिल्लीचा मिस्त्री नेमके उलटे म्हणतो. करोल बागेतील उस्ताद कान लावून ऐकतो आणि सांगतो, "साहब, इंजन अभी खुला नहीं है." आपल्याकडे जे बसते ते येथे खुलते, क्रिया एकच.

आमच्या आजीला हे इंजिनावाचून ठाऊक होते. टाकीवाल्याकडून पाटा टाकवून घेतला की ती त्यावर लगेच चटणी वाटीत नसे. आधी मूठभर जाडेभरडे तांदूळ नाहीतर मीठ वाटायचे, ते फेकून द्यायचे, पाटा धुवायचा, पुन्हा वाटायचे. दगडाची कच निघून जाईतो अन्नाचा पदार्थ त्यावर येऊ द्यायचा नाही. आणि वर्षा-दोन वर्षांनी टाकीच्या रेघा झिजून पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकू लागे, वाटले जात नसे. मग पुन्हा टाकीवाला. हा पाटा श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

ज्यांना अँबॅसेडर आणि फियाटचा काळ आठवतो त्यांना या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. गाडी म्हणजे आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट. उत्तरपाड्याची अँबॅसेडर अथवा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात होणारी फियाट, जिचे पुढे प्रीमियर पद्मिनी असे नामकरण झाले, त्यांसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी तर नोंदणीची पावती लग्नाच्या बोलण्यात सांगितली जाई. अशा तपश्चर्येनंतर हाती आलेले यंत्र माणूस तळहातावरच्या फोडासारखे जपणार नाही तर काय करील? मागच्या काचेवर कागद चिकटवलेला असे, 'रनिंग इन, प्लीज पास'. मी सावकाश जाणार आहे, तुम्ही खुशाल पुढे जा. ही पाटी मूळची विलायतेची. रस्त्यावर इतका विनय आम्ही नंतर कधी पाहिला नाही, दिल्लीत तर नाहीच.

त्या काळी तो जपणुकीचा उपदेश खराही होता. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांतून पहिल्या पाचशे मैलांचे नियम असत: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये, वेगाची मर्यादा पाळावी, आणि वरच्या गिअरात इंजिनाला कण्हत ओझे ओढावयास लावू नये. यांतील तिसरा नियम लोक सोयीस्करपणे विसरत, त्याची फळे पुढे सांगू. त्या काळच्या यंत्रशाळांत सिलिंडर घासण्याची अचूकता आजच्या मानाने बेताची होती, तेलेही साधी होती. दोन नवे भाग एकमेकांवर घासून एकमेकांचे उंचवटे झिजवीत, आणि कारखान्यात अर्धवट राहिलेले काम गाडीचा मालक रस्त्यावर पुरे करी. पहिले तेल काढले की त्यात धातूची चकचकीत बुकटी दिसे. पाट्यावरचे पहिले तांदूळ तेच हे.

मग मारुती आली. १९८१ च्या फेब्रुवारीत मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी गुरगावच्या कारखान्यात इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिल्या. ही गाडी त्यांनी २०१० साली निधन होईपर्यंत स्वतःजवळच ठेवली. एक लाखाहून अधिक लोकांनी आधीच नावे नोंदविली होती. ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे ते चिमुकले इंजिन पाहून आमच्यातील जाणते हसत असत, कारण अँबॅसेडरचे १४८९ सी.सी.चे होते. ते हसू फार टिकले नाही.

आमच्या घरी मारुती आली ती १९८६ च्या डिसेंबरात. आम्ही तेव्हा फरिदाबादेस राहत होतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली उचल, सौभाग्यवतींच्या दोन बांगड्या आणि थोरल्या बंधूंचे काही साहाय्य अशी ती गाडी उभी राहिली होती. आम्ही पुस्तिका तीनदा वाचली. एका वहीत रोजचे किलोमीटर लिहू लागलो. मुलांना मागे उड्या मारण्यास बंदी, जणू त्यांच्या वजनाने पिस्टन वाकणार होते.

जानेवारीत एका रात्री, अकराच्या सुमारास, शेजारच्या वहिनींनी दार ठोठावले. आप्पांच्या छातीत कळ येत होती, घामाने सदरा भिजलेला. फरिदाबादेच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, येथे थांबू नका, दिल्लीस मोठ्या इस्पितळात न्या. रुग्णवाहिका कोठे मिळणार, केव्हा येणार, याचा पत्ता नाही. गाडी दारात उभी होती. वहीत त्या दिवशीचा आकडा होता ४१२ किलोमीटर.

खरे सांगावयाचे तर किल्ली हाती घेताना आमच्या मनात क्षणभर इंजिनाचा विचार येऊन गेला. ही गोष्ट आम्ही आप्पांना कधी सांगितली नाही. आज ते हयात नाहीत, म्हणून येथे बोलतो आहोत. माणूस मागे कण्हतो आहे आणि आपण हिशेब करतो आहोत की अजून ५८८ किलोमीटर बाकी आहेत! तो विचार लाजेने मागे टाकला, पण आला होता हे खरे.

मथुरा रस्त्यावर धुके होते. बदरपूरचे औष्णिक केंद्र त्या काळी धूर ओकत असे (ते २०१८ साली बंद झाले), तो धूर आणि धुके मिळून दिव्यांचा प्रकाश समोर भिंतीवर पडल्यासारखा परत येई. जेथे दिसे तेथे आम्ही तिसऱ्या गिअरात गाडी पिळून काढली, दिसेनासे झाले की वेग एकदम खाली, पुन्हा मोकळे दिसले की पाय तळाशी. वहिनी मागे आप्पांचे डोके मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणत होत्या. आश्रमचा चौक, मग रिंग रोड, मग इस्पितळाचे फाटक. आप्पा वाचले. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले आणि दर संक्रांतीस आमच्या गाडीला तिळगूळ ठेवीत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मागे शंका लागली: इंजिन बिघडले तर नसेल? आम्ही पुण्यास थोरल्या बंधूंना पत्र लिहिले. ते तेथे एका कारखान्यात फोरमन होते. जन्म इंजिने जोडण्यात गेलेला. त्यांचे आंतर्देशीय पत्र आठ दिवसांनी आले. आधी आप्पांच्या प्रकृतीची चौकशी, मग आम्हांस दोन बोल, की असली शंका मनात आणतोस ती आणतोस, वर पत्रात लिहितोस! आणि मग खाली, बारीक अक्षरात, इंजिनाविषयी पाऊण पान. त्या पाऊण पानाने आमची कित्येक वर्षांची समजूत पालटली. त्यांनी लिहिले होते त्याचा विस्तार करून सांगतो.

सिलिंडर म्हणजे गोल पोकळ नळकांडे. त्यात पिस्टन खालीवर होतो. पिस्टनच्या भोवती खाचांत बारीक कड्या बसविलेल्या असतात, त्यांना रिंगा म्हणतात. जळलेल्या वायूचा दाब खाली निसटू न देणे आणि खालचे तेल वर जाऊ न देणे, ही त्यांची कामे. लोकांची कल्पना अशी की सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी. ती तशी नसते, मुद्दाम केलेली नसते. कारखान्यात सहाणेच्या कांड्या फिरवून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. माणसाच्या केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन धरली, तर या रेघांची खोली अवघी काही मायक्रॉन असते. हीच पाट्याची टाकी! या रेघांत तेल धरून राहते, आणि त्यांच्या कडांवर रिंगा घासून आपला आकार त्या विशिष्ट सिलिंडरला जुळवून घेतात. जुळले की बसले. मग घासणे जवळजवळ थांबते.

आता रिंग भिंतीवर कोण दाबते? थोडा तिचा स्वतःचा ताण. पण मुख्यतः जळत्या वायूचा दाब. तो वायू रिंगेच्या वरून खाचेत शिरतो आणि तिला पाठीमागून भिंतीकडे रेटतो. इंजिनावर भार जितका अधिक, तितका हा रेटा अधिक. म्हणजे इंजिन जर आपण सदैव कुरवाळीतच ठेवले, नुसते सुरू करून उभे ठेवले, उतारावर ओघळवीत नेले, तर रिंगांना रेटा मिळत नाही. त्या तेलावर तरंगत वरखाली होत राहतात. ते तेल भिंतीवर भाजून त्याचा काचेसारखा लेप बसतो, रेघा भरून जातात, आणि टाकी बुजलेल्या पाट्यावरून वाटण सरकावे तशी रिंग सरकू लागते. असे इंजिन पुढे तेल पिते आणि निळसर धूर सोडते. दादांनी लिहिले होते, इंजिन काही लाडाने बसत नाही, त्याला थोडे काम द्यावे लागते.

परंतु म्हणून वायुदलवाले गृहस्थ सर्वस्वी बरोबर, असेही नव्हे. नव्या पृष्ठभागावर उंचवटे असतातच. तेथे घर्षणाची उष्णता एकवटते. सतत कमाल वेगाने, कमाल भाराने, विश्रांतीवाचून इंजिन चालविले तर त्या जागी तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला क्षणभर चिकटतो आणि ओढला जातो. भिंतीवर उभे ओरखडे पडतात. ते ओरखडे मग कोणत्याही तेलाने बुजत नाहीत. त्या धुक्याच्या रात्री आमचे इंजिन वाचले त्याचे कारण, नकळत, धुक्याने दिलेले विसावे असावेत: जोर, ढील, जोर, ढील. ही आमची अटकळ आहे. सिद्ध करण्याचा मार्ग आमच्यापाशी नाही.

वायुदलवाल्यांच्या मताला आधार कोठून आला, हे आम्हांस पुढे कळले. लहान विमानांची पिस्टन इंजिने बसविण्याची रीत मोटारींच्या अगदी उलट आहे. एके काळी सफदरजंगच्या विमानतळावरून दिल्ली फ्लाइंग क्लबची विमाने उडत, त्या जातीची ही इंजिने. अमेरिकेच्या लायकमिंगसारख्या उत्पादकांचा सल्ला असा की नवे अथवा नव्याने जोडलेले इंजिन साध्या खनिज तेलावर चालवावे, उड्डाणात शक्ती भरपूर म्हणजे कमाल शक्तीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ठेवावी, जमिनीवर फार वेळ रेंगाळत ठेवू नये, आणि तेलाचा खप स्थिर झाला की मग नेहमीचे तेल घालावे. कारण तेच, भिंतीवर काच धरू नये. मात्र विमानाला आकाशात वाऱ्याची थंडाई लाभते आणि त्याच्या सिलिंडरांची घडण निराळी असते. तो नियम उचलून नॅशनल हायवेवर आणणे धोक्याचे.

अतिजपणुकीची गोष्टही आम्ही जवळून पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका सज्जनांनी नवी गाडी घेतली, नाव कशाला सांगावयाचे, ते गृहस्थ मितव्ययी होते. पेट्रोल वाचावे आणि इंजिनही बसावे असा दुहेरी हेतू धरून ते पहिल्या दिवसापासून चाळिसाच्या वेगात चौथा गिअर टाकीत. गाडी चढावर थरथरे, पण गिअर खाली येत नसे. वर्षभरात ती गाडी तेल मागू लागली. त्यांना वाटले, आपण पुरेसे जपले नाही! जुन्या पुस्तिकांतील तिसरा नियम तो हाच. कमी फेऱ्यांवर जास्त ओझे ओढविणे म्हणजे हळू चालविणे नव्हे. तो इंजिनावर अत्याचार आहे, आवाज न करणारा.

या दोन उदाहरणांवरून कोणी निष्कर्ष काढू नये. आमची गाडी पिळली आणि टिकली, त्यांची जपली आणि बिघडली, एवढ्याने शास्त्र होत नाही. त्यांच्या गाडीत आणखी काही दोष असेल. एकाच दिवशी निघालेल्या शंभर गाड्या, पन्नास अशा आणि पन्नास तशा चालवून, दहा वर्षांनी उघडून पाहावे, तेव्हा काही बोलता येईल. आणि तो खर्च कोण करणार? म्हणून या विषयात प्रत्येकाच्या काकांचा एक अनुभव असतो आणि तो प्रत्येकाला पुरतो.

मग आजची स्थिती काय? आज सिलिंडर घासण्याची क्रिया दोन टप्प्यांत करतात: रेघा पाडावयाच्या आणि मग त्यांचे टोकदार माथे आधीच कापून सपाट करावयाचे. मालकाने रस्त्यावर जे झिजवावयाचे त्यातील मोठा भाग कारखान्यातच झिजलेला असतो. गाडी बाहेर पडण्यापूर्वी रोलरवर चालवून तपासली जाते. पुढे आवारातून ट्रकवर, ट्रकवरून दुकानात ती कोण कशी चालवतो, हे आपण न पाहिलेलेच बरे. मुहूर्तावर नारळ फोडून आपण ज्या कौमार्याची काळजी वाहतो ते केव्हाच संपलेले असते.

तरीही पुस्तिकांनी हा अध्याय गाळलेला नाही, हे लक्षणीय आहे. सुझुकीच्या पुस्तिकांत ९६० किलोमीटर असा चमत्कारिक आकडा दिसतो. तो कोठून आला असे वाटत असेल तर ६०० मैल किलोमीटरांत मांडून पाहावेत. टोयोटाच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरपर्यंत अतिवेग, एकाएकी जोर देणे आणि बराच काळ एकाच वेगाने जाणे टाळावयास सांगितले आहे. होंडा म्हणते, पहिल्या हजारांत ॲक्सिलरेटर पुरता दाबून निघू नका; आणि तेल ठरलेल्या वेळेआधी बदलू नका. आमच्या पिढीला हे शेवटचे वाक्य पचणे जड आहे. आम्ही पाचशे किलोमीटरला तेल ओतून देणारे लोक! परंतु जेथे उत्पादक तसे लिहितो तेथे त्याचे ऐकावे. जास्त शक्तीच्या गाड्यांचे लाड आणखी आहेत: बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेत दोन हजार किलोमीटरला पहिले तेल बदलण्याचा नियम आहे, तर पोर्शची जपणूक तीन हजारांपर्यंत चाललेली आम्ही वाचली आहे. आपल्यापैकी कोणास ती चिंता असेल तर त्यांनी मंडळाच्या इमारत निधीकडेही पाहावे.

या सर्व पुस्तिकांत एक सूचना वारंवार भेटते आणि तीच लोक सर्वांत कमी वाचतात: एकाच वेगाने फार वेळ जाऊ नका. आमच्या भागातील चाल अशी की नवी गाडी घेतली की पहिल्या रविवारी मथुरा-वृंदावन. २०१२ च्या ऑगस्टात यमुना एक्स्प्रेसवे खुला झाल्यापासून हा प्रवास फारच सुखाचा झाला आहे. १६५ किलोमीटरांचा सरळ रस्ता, मोटारींना शंभराची मर्यादा. तरुण मंडळी पाचवा-सहावा गिअर टाकून काटा एका जागी बांधून ठेवतात, आणि मनात समाधान की आपण गाडी अजिबात ताणली नाही. त्यापेक्षा वेग सत्तर, पुन्हा नव्वद, पुन्हा ऐंशी असा हलता ठेवावा, अधूनमधून गिअर खाली आणावा. मागचे वाहन पाहून, अर्थात.

आणि उलट टोक म्हणजे आपले रोजचे रस्ते. पुस्तिका किलोमीटर मोजते. इंजिन तास मोजते. धौला कुव्यावर अथवा नोएडाच्या टोलनाक्याशी संध्याकाळी तासभर अडकलेली गाडी किलोमीटर काटत नाही, पण इंजिन चालूच असते, आणि तेही नेमके त्या बिनभाराच्या अवस्थेत, जीत रिंगांना रेटा नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीची थंडी. थंड इंजिनात तेल घट्ट, इंधन पुरते जळत नाही, त्याचा काही अंश भिंतीवरून तेलात उतरतो. म्हणून आमचा सल्ला असा: हिवाळ्यात नवी गाडी घेतलीत तर पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी, सकाळी रस्ते मोकळे असताना, तासभर फिरवून आणावी. सुरू करून अंगणात दहा मिनिटे उभी ठेवू नये. अर्ध्या मिनिटात निघावे, पण पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने. पाण्याच्या उष्णतेचा काटा मध्यावर आला तरी तेल त्यानंतर काही वेळाने गरम होते.

आता ज्या गोष्टीवर मंडपाबाहेर कोणीच बोलले नाही तिच्याकडे येतो. इंजिन बसले नाही तर फार तर तेल पिईल. नवे ब्रेक बसलेले नसतात तेव्हा गाडी थांबावयास अधिक अंतर घेते. ब्रेकचे पॅड आणि तबकडी यांनाही एकमेकांची ओळख व्हावी लागते. होंडा आणि सुझुकी दोघांनीही पहिल्या तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरांत जोराचे ब्रेक टाळावयास सांगितले आहे. नव्या टायरांच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो, तो झिजून जाईपर्यंत पकड कमी, विशेषतः ओल्या रस्त्यावर. आणि चालकाला गाडीची सवय नसते, हे तर आहेच. त्या जानेवारीच्या रात्री आम्ही इंजिनाची चिंता केली. ब्रेकची केली नाही. बदरपूरच्या नाक्याजवळ धुक्यातून एक उभा ट्रक समोर आला आणि आमची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आप्पांना इस्पितळात पोचविण्याऐवजी आम्ही चौघेही तेथेच... असो. पहिल्या हजार किलोमीटरांत समोरच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे, हे आम्ही इंजिनाच्या साऱ्या चर्चेहून महत्त्वाचे मानतो.

कोणी म्हणेल, दिल्लीत हे इतके जपावयाचे कशासाठी? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली पंधरा वर्षांवरील गाड्यांवर, २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यास दुजोरा दिला. २०२५ च्या जुलैत पेट्रोलपंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला, तो काही दिवसांतच थांबविण्यात आला आणि प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. गाडीचे आयुष्य कॅलेंडर ठरविणार असेल तर रिंगा बसल्या काय नि न बसल्या काय, असे एका तरुणाने आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे इतकेच की रिंगा न बसलेली गाडी पंधराव्या वर्षी नव्हे, तिसऱ्याच वर्षी धूर सोडू लागते. आणि तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. नोव्हेंबरात येथील हवा कशी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. विजेच्या गाडीला रिंगाच नाहीत, तिला हा पाश नाही; ब्रेक आणि टायर मात्र तिलाही आहेत.

आमची मारुती १९९९ साली एकदा उघडावी लागली. हेडचे गॅस्केट गेले होते. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले होते. करोल बागेच्या मिस्त्रीने हेड उचलून बाजूस ठेवले, टॉर्च आत धरली आणि आम्हांस वाकून पाहावयास सांगितले. तिन्ही सिलिंडरांच्या भिंतींवर, खालच्या निम्म्या भागात, त्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. मिस्त्री म्हणाला, "साहब, बड़े प्यार से चलाई है." आम्ही त्याला धुक्याची रात्र सांगितली नाही. घरी येऊन दादांना मात्र सविस्तर पत्र लिहिले.

२०१५ साली ती गाडी आम्ही मायापुरीच्या भंगारबाजारात स्वतः चालवीत नेली. त्या सकाळीही ती पहिल्या किल्लीस सुरू झाली होती.

सूनबाई आज सभेस उपस्थित आहेत असे दिसते. त्यांच्या गाडीचे, कार्यवाहांकडून कळले त्याप्रमाणे, सातशे चाळीस किलोमीटर झाले आहेत. उरलेल्या दोनशे वीसांत त्यांनी काय करावे? पाय तळाशी नको, पण भिऊनही चालवू नये. वेग हलता ठेवावा, चढावर गिअर खाली आणावा, रहदारीच्या वेळा टाळता आल्या तर टाळाव्यात, पुढच्या गाडीशी अंतर राखावे, आणि तेल पुस्तिकेत लिहिले असेल तेव्हाच बदलावे. मध्येच कोणास इस्पितळात न्यावे लागले, तर वही घरी ठेवून निघावे.